हिमदेशीची शिवण

दिवाळी म्हटली की नवे कापड आलेच. महिनाभर आधी शिंप्याकडे दिलेले माप, ‘उद्या नक्की’ हे त्याचे वायदे, आणि ऐन नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री अजून काजेबटणे व्हायची आहेत असे कळल्यावर घरात उडणारी धांदल, हे सारे वाचकांच्या परिचयाचे आहे. आपल्याकडे कपडा वेळेवर आला नाही, तर फार तर घरातले एखादे मूल रुसून बसते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर एक मुलूख असाही आहे, की तेथे शिवण वेळेवर झाली नाही, तर हिवाळ्याच्या शेवटी घरातली माणसे मोजताना एखादे कमी भरत असे. त्या मुलखातल्या शिवणीची, आणि त्या शिवणीबरोबर शिवल्या गेलेल्या शब्दांची हकीकत आज सांगायची आहे.

भूगोलाच्या क्रमिक पुस्तकातून आपल्या सर्वांना ही माणसे ‘एस्किमो’ या नावाने भेटली. बर्फाचे घर, कुत्र्यांची गाडी आणि केसाळ टोपीतून डोकावणारा एक हसरा चेहरा, एवढ्यावर तो धडा संपत असे. हे नाव त्यांना इतरांनी दिलेले. ग्रीनलंडपासून कॅनडाच्या उत्तर किनाऱ्याने अलास्कापर्यंत पसरलेले हे लोक स्वतःला ‘इनुइट’ म्हणवतात, आणि त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘माणसे’ एवढाच आहे. एक माणूस असेल तर ‘इनुक’, दोन असतील तर ‘इनूक’, आणि दोहोंहून अधिक असतील तर ‘इनुइट’. संस्कृत शिकताना ज्याने ‘रामः रामौ रामाः’ घोकले आहे, त्याला येथे एकदम घरचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. आपल्या मराठीने जे द्विवचन केव्हाच टाकून दिले, ते उत्तर ध्रुवाच्या शेजारी अजून नांदते आहे! आणि ते सर्वांत जास्त कोठे उपयोगी पडते म्हणाल, तर कपड्यांत. बूट म्हणजे ‘कामिक’, बुटांचा जोड म्हणजे ‘कामीक’, पुष्कळ बूट म्हणजे ‘कामीट’. हातमोजा ‘पुआलुक’, त्यांची जोडी ‘पुआलूक’. विजारीला दोन पाय, म्हणून ती ‘कार्लीक’, द्विवचनीच. बर्फावरून उसळणाऱ्या उन्हाने डोळे जाऊ नयेत म्हणून हाडाला किंवा लाकडाला बारीक चीर पाडून केलेला जो चष्मा ते लावत, तो ‘इग्गाक’, तोही द्विवचनी. यांतील काही ‘क’ खरे तर उर्दूतल्या ‘क़लम’मधल्यासारखे घशाच्या तळातून यायचे, पण येथे मी आपल्या साध्या ‘क’वरच भागवतो.

या लोकांच्या शब्दांविषयी जगात एक कहाणी फार पसरली आहे. त्यांच्या भाषेत बर्फाला शंभर शब्द आहेत म्हणे! कोणी पन्नास सांगतो, कोणी चारशे. या कहाणीचे मूळ फ्रान्झ बोआस या पंडितापर्यंत जाते. बोआस १८८३-८४ साली बॅफिन बेटावर या लोकांत राहिला, त्यांचेच कातडी कपडे घालून हिंडला. आणि १९११ साली त्याने आपल्या ग्रंथात बर्फाचे चार शब्द उदाहरणादाखल दिले : जमिनीवर पडलेले बर्फ, पडत असलेले बर्फ, वाऱ्याबरोबर धावणारे बर्फ, आणि साचून ढीग झालेले बर्फ. चाराचे चारशे लोकांनी मागाहून केले. शिवाय इनुइटांच्या भाषेत एका मुळाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडून सबंध वाक्याएवढा शब्द करता येतो. तेव्हा तेथे शब्द मोजणे म्हणजे समुद्राच्या लाटा मोजण्यापैकीच आहे. मला स्वतःला बर्फाच्या शब्दांपेक्षा त्यांच्या वस्त्रांचे शब्द अधिक बोलके वाटतात. बर्फ तर आकाशातून आपोआप पडते; वस्त्र माणसाला करावे लागते. आणि जे करावे लागते, त्याच्या नावात करणाऱ्याचे मन उतरते.

एक उदाहरण पाहा. त्यांच्या भाषेत वस्त्र म्हणजे ‘अन्नुराक’. त्याला एक प्रत्यय लावून ‘अन्नुराक्साक’ होते; म्हणजे जे पुढे वस्त्र व्हायचे आहे ते, अर्थात कापड. तसेच ‘कामिक्साक’ म्हणजे ज्याचे बूट व्हायचे आहेत ते कातडे. आपल्याकडे सुवासिनीच्या ओटीत घातलेला खण पाहताच त्याची चोळी डोळ्यांपुढे उभी राहते ना? तसेच हे. कोपऱ्यात पडलेल्या कातड्याला त्यांची भाषा नुसते कातडे म्हणून थांबत नाही. त्याचे भवितव्यही त्यात सांगून मोकळी होते.

आता प्रत्यक्ष पोशाखाकडे वळू. उणे चाळीस अंशांची थंडी ही कल्पना आपल्याला यायची नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पहाटे दंव गोठले, तर आपण वर्तमानपत्रात वाचून हुडहुडतो! त्या थंडीत इनुइट माणूस दिवसभर बर्फावर एका भोकापाशी सीलची वाट पाहत, न हलता उभा राही. हे त्याला कशामुळे साधे? अंगावर दोन अंगरखे असत. आतला ‘अतिगी’; त्याचे केस अंगाकडे. बाहेरचा ‘कुलित्ताक’, त्याचे केस बाहेरच्या बाजूला. दोहोंच्या मध्ये आणि केसाकेसांच्या मध्ये हवा कोंडलेली. ही कातडी कॅरिबूची, म्हणजे तिकडच्या रेनडियर जातीच्या हरणाची. या हरणाच्या केसात नळीसारख्या पोकळीत हवेचे असंख्य कप्पे असतात. म्हणजे प्रत्येक केस हा हवा भरलेली एक पिशवीच म्हणा. ऊब देते ती कातड्यापेक्षा ही हवा. असा सबंध पोशाख चार-साडेचार किलोंच्या घरात भरतो. लोकरीचे कपड्यांवर कपडे चढवून बसलेल्या दर्यावर्दी गोऱ्यांना तो नेहमीच अचंब्यात टाकीत आला.

या अंगरख्याला पुढून उघडायला जागा नाही, गुंडी नाही, बंद नाही. तो डोक्यावरून घालायचा. ऊब वर चढते हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते; म्हणून गळ्याशी आवळ, खाली घोळ सैल. अंग तापू लागले की गळा सैल करून, टोपी मागे टाकून ऊन हवा बाहेर सोडायची. कारण त्या मुलखात थंडीइतकाच दुसरा वैरी म्हणजे घाम. घाम कपड्यात मुरला की गोठलाच. लोकर आणि सुती कापड ओले होऊन पत्र्यासारखे ताठ होते. कॅरिबूच्या केसांवर मात्र तो दवाच्या कणांसारखा बसतो, आणि काठीने कपडा झोडपला की झडून जातो. घरात शिरण्याआधी कपडे असे झोडपून घेणे हा तेथला शिरस्ता. त्यासाठी हाडाचे किंवा लाकडाचे खास झोडपणेच असे. टोपीच्या कडेला वुल्व्हरीन या जनावराची लव लावीत, कारण श्वासाचे बर्फ तिच्यावरून सहज झाडून टाकता येते. अशी ही एकेक बाब शतकांच्या अनुभवातून पारखलेली आहे.

हे सारे करणारी स्त्री होती. पुरुषाने शिकार आणावी. पण शिकारीचे वस्त्र करणे हे तिचे काम. उन्हाळा सरताना, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, कॅरिबूचे केस ना फार आखूड ना फार लांब असतात. तेव्हाचे कातडे कपड्याला उत्तम. भर हिवाळ्यातले जाड कातडे अंथरुणाला. कातडे वाळवायचे, खरवडायचे, ताणायचे, पुन्हा खरवडायचे. मग ‘उलू’ या अर्धचंद्राकृती सुरीने ते बेतायचे. कागदाचा नमुना नाही, फीत नाही. नजर आणि हाताची मापे एवढ्यावर काम. आपल्या आज्या विती-बोटांनी मोजून अंगडी-टोपडी शिवीत, त्याच जातीचे हे. सुई हाडाची किंवा हस्तिदंतासारख्या वॉलरसच्या सुळ्याची. मागाहून व्यापाऱ्यांबरोबर पोलादी सुई आली. बोटात घालायच्या कातडी अंगुस्तानाला ‘तिकिक’ म्हणतात. आणि तर्जनीलाही ‘तिकिक’च म्हणतात. ज्या बोटात घालायचे त्याचेच नाव त्या वस्तूला! दोरा म्हणजे ‘इवालू’. कॅरिबूच्या पाठीच्या कण्याजवळची तात वाळवून, तिचे तंतू सोडवून काढलेला.

या तातीच्या दोऱ्यात सगळे मर्म आहे. बुटाची शिवण घालताना सुई दोन्ही कातड्यांतून आरपार जाऊ द्यायची नाही. एकाच्या निम्म्या जाडीतूनच ती वळवून घ्यायची. मग उलट बाजूने दुसरी टीप, तीही तशीच. म्हणजे बाहेरून आत जाणारे भोक कोठेच राहत नाही. आणि पाणी लागले की तात फुगते, आणि सुईने केलेली वाट भरून काढते. सीलच्या कातड्याचा असा बूट पाण्यात उभा राहिला तरी आत थेंब शिरत नाही. पाय ओला झाला तर बोटे गेली, आणि बोटे गेली तर शिकार गेली, हा तेथला हिशेब. तेव्हा त्या आरपार न गेलेल्या टाक्यावर सबंध घर उभे होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. बुटाचा तळवा दाढीवाल्या सीलच्या जाड कातड्याचा. त्याला चवड्याशी आणि टाचेशी चुण्या घालायच्या त्या दातांनी. दिवसभर वापरून वाळलेले बूट दुसऱ्या दिवशी चावून मऊ करायचे, तेही बायकांनीच. म्हाताऱ्या बायकांचे दात झिजून हिरड्यांशी आलेले असत. आपल्याकडे चुलीच्या धुराने आईचे डोळे गेले असे आपण म्हणतो. तेथे मुलांच्या पायांसाठी आईचे दात जात.

आणि आता त्या पोशाखातला मुकुटमणी. मूल असलेल्या बाईचा अंगरखा निराळा. त्याला ‘अमाउती’ म्हणतात. त्याच्या पाठीला एक पिशवी असते, ती ‘अमाउत’. पुष्कळांना वाटते की मूल टोपीत बसते. तसे नव्हे. मूल त्या पिशवीत आईच्या पाठीला टेकून बसते. खाली घसरू नये म्हणून कमरेशी पट्टा. आणि वर दोघांना पुरेल एवढी ऐसपैस टोपी. खांदे मुद्दाम रुंद बेतलेले, म्हणजे मूल रडू लागले तर अंगरख्यातल्या अंगरख्यात त्याला पुढे घेऊन पाजता यावे, बाहेरचा वारा लागू न देता. या शब्दाच्या धातूचा अर्थ ‘मुलाला पाठीवर घेणे’ असा आहे. मराठीत त्याला आपल्याजवळ नेमका शब्द आहे : पाठुंगळी. तेव्हा अमाउती म्हणजे पाठुंगळीचे वस्त्र. कातड्याचे रंग, घोळाचा आकार, पांढऱ्या लवेची नक्षी यांवरून लांबूनच कळे की येणारी व्यक्ती पुरुष की स्त्री, आणि कोणत्या बाजूची.

या शिवणकामाला विधिनिषेधही होते. कॅरिबू जमिनीवरचा, सील समुद्रातला. या दोहोंची सरमिसळ समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या देवतेला खपत नाही, अशी श्रद्धा. म्हणून हिवाळ्यात समुद्राच्या बर्फावर सीलची शिकार सुरू झाली, की कॅरिबूच्या कातड्याला सुई लावायची नाही. परिणामी शरद ऋतूतले ते थोडे आठवडे म्हणजे बायकांच्या डोळ्याला डोळा नाही. कोणी याला भाबडेपणा म्हणेल. मला यात एक शहाणपणही दिसते : अंधार आणि कडाका येण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर नवा कपडा चढलाच पाहिजे, आणि त्याची आठवण द्यायला देवतेखेरीज खंबीर मुकादम कोण?

ही कला किती जुनी? कातडे कुजते, त्यामुळे पुरावा मिळणे कठीण. परंतु १९७२ साली ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, किलाकित्सोक नावाच्या ठिकाणी, पक्ष्यांच्या शिकारीला गेलेल्या दोघा भावांना एका कपारीत दगडांखाली आठ देह सापडले. सहा बायका, एक चारेक वर्षांचा मुलगा आणि एक सहा महिन्यांचे तान्हे. थंड कोरड्या हवेने ते देह आणि त्यांची वस्त्रे जशीच्या तशी राखली होती. इ. स. १४७५ च्या सुमाराचे हे मरण. त्यांच्याबरोबर एकूण ७८ वस्त्रे निघाली. आतले अंगरखे पक्ष्यांच्या कातड्यांचे, पिसे आतल्या अंगाला. बाहेर सीलचे कातडे. बुटात बूट, आणि दोन तळव्यांमध्ये गवत भरलेले. मेलेल्यांनाही पुढच्या प्रवासात थंडी वाजू नये म्हणून त्यांना असे नीट पेहरवले होते. पाच शतकांनंतर पंडितांनी भिंग लावून त्या टीपा पाहिल्या. त्या सुटलेल्या नव्हत्या.

याच वस्त्रांचे एक चित्र लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. त्याची कथा मात्र ऐकवत नाही. सोन्याच्या आणि वायव्येकडून आशियाला जाणाऱ्या मार्गाच्या शोधात निघालेल्या मार्टिन फ्रोबिशरने १५७७ साली बॅफिन बेटावरून एक पुरुष, एक बाई आणि तिचे तान्हे मूल बळाने पकडून ब्रिस्टल बंदरात आणले. पुरुषाने एव्हन नदीत आपली होडी चालवून दाखवली. लोकांनी गर्दी केली. जॉन व्हाइट या चित्रकाराने त्यांची चित्रे काढली. बाईच्या चित्रात अंगरख्याची लव, बुटाची घडण, आणि तिच्या टोपीतून डोकावणारे मुलाचे तोंड, सारे बारकाव्यासह आले आहे. नोव्हेंबरात पुरुष मेला. बरगड्या मोडल्या होत्या. काही दिवसांत बाई गेली. मूल लंडनला नेले, तेही तेथे मेले.

इंग्रजांनी त्या बाईचे आणि मुलाचे जे नाव टिपून ठेवले, ते आज जाणकार उलगडून पाहतात. बाईचे नाव ‘अर्नाक’, मुलाचे ‘नुतारक’. अर्नाक म्हणजे त्या भाषेत ‘बाई’. आणि नुतारक म्हणजे ‘मूल’. कोणी तरी बोट दाखवून विचारले असेल, आणि उत्तर मिळाले असेल : बाई, मूल. तेच नाव म्हणून वहीत चढले. तिच्या अंगरख्याची किनार चारशे वर्षे टिकली. तिचे नाव एक दिवसही टिकले नाही. कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला पात्रांना नावे देण्याची सवय. पण या बाईला मी नाव देऊ धजत नाही. ते तिचे तिच्यापाशीच राहो.

पुढेही हेच. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन दोन जहाजे आणि एकूण १२९ माणसे घेऊन त्याच मार्गाच्या शोधात गेला. लोकरी गणवेश, चांदीचे चमचे, हजारो डबे. आणि जहाजे बर्फात अडकली. त्यांतला एकही परत आला नाही. मरणाची कारणे अनेक होती, उपासमार आणि रोग ही त्यांत आली. पण ज्या मुलखात बायका-मुले असलेली कुटुंबे नांदत होती, त्याच मुलखात हे सशस्त्र आरमारी लोक संपले, एवढे खरे. जॉन रे नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने इनुइटांप्रमाणे राहायला आणि प्रवास करायला शिकून घेतले होते. १८५४ मध्ये त्याने इनुइटांकडून ऐकलेली हकीकत लंडनला कळवली : शेवटच्या माणसांनी भुकेने एकमेकांची प्रेते खाल्ली. चार्ल्स डिकन्ससारख्या थोर लेखकानेही लेख लिहून इनुइटांची साक्ष खोटी ठरवली. पुढे हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी ती खरी ठरली. आणि २०१४ व २०१६ साली ती दोन्ही जहाजे समुद्रतळाशी सापडली, त्यातही इनुइटांनी पिढ्यानपिढ्या सांगत आणलेल्या खुणा उपयोगी पडल्या.

ज्याने त्यांच्यापुढे शिष्य होऊन बसायची लाज धरली नाही, तो रोआल्ड आमुंडसेन. १९०३ ते १९०५ अशी दोन वर्षे हा नॉर्वेचा दर्यावर्दी किंग विल्यम बेटावर एका बंदरात राहिला, आणि शेजारच्या नेत्सिलिक इनुइटांकडून कपडा कसा घालावा, सैल का ठेवावा, घाम कसा टाळावा हे शिकला. १४ डिसेंबर १९११ रोजी तो दक्षिण ध्रुवावर पोचला आणि सर्व सोबत्यांसह सुखरूप परतला. लोकर आणि वाऱ्याला अडवणारे विणलेले कापड यांवर भिस्त ठेवणारा कॅप्टन स्कॉट महिनाभराने तेथे पोचला; परतीच्या वाटेवर तो आणि त्याचे चारही सोबती गेले. कुत्री, वाट, अन्नाची बेगमी, हवा, ही कारणेही मोठी होती. सगळा निकाल कपड्यावर लावणे अन्यायाचे होईल. तरी आमुंडसेनच्या विजयात उत्तरेकडच्या काही अनामिक बायकांच्या विद्येचा वाटा आहे, एवढे म्हणायला हरकत नाही.

आज त्यांचे शब्द आपल्या बाजारातही आले आहेत. हिमालयात जाणारी आपली मुले ‘अनोरॅक’ घालतात. तो ग्रीनलंडचा ‘अन्नोराक’, म्हणजे वर पाहिलेल्या ‘अन्नुराक’चाच सख्खा भाऊ. ‘पार्का’ मात्र इनुइटांचा नव्हे. तो सैबेरियातल्या नेनेत्स लोकांचा शब्द, रशियनांच्या तोंडून अल्यूत बेटांवर आणि तेथून इंग्रजीत आलेला. ‘मक्लक’ हा बुटाचा शब्द अलास्कातल्या त्यांच्या यूपिक भाऊबंदांचा. त्याचा मूळ अर्थ दाढीवाला सील. जगाने शब्द उचलले, कपड्याची तऱ्हा उचलली. पण देणेकऱ्याचे नाव लिहायचे विसरले. २०१५ साली लंडनच्या एका फॅशन कंपनीने एका इनुइट मांत्रिकाच्या जुन्या अंगरख्याची नक्षी उचलून स्वेटर विकायला काढले. अपदेवतांपासून रक्षण व्हावे म्हणून त्या मांत्रिकाने स्वतः कल्पिलेली ती नक्षी होती. त्याच्या पणतीने ती ओळखली आणि जाब विचारला; कंपनीने माल मागे घेऊन माफी मागितली.

मास्तर म्हणून या इतिहासाचे एक पान मला फार अस्वस्थ करते. विसाव्या शतकात कॅनडात इनुइट मुलांना आईबापांपासून दूर वसतिशाळांत नेऊन ठेवले गेले. तेथे पोचताच आईने शिवलेले कपडे उतरवायचे, आणि आईची भाषा बोलल्यास शिक्षा भोगायची. ११ जून २००८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या शाळांबद्दल माफी मागितली. शाळा या वास्तूवर माझा जीव आहे. पण कपडा आणि भाषा एकाच दारात उतरवून घेणारी शाळा, ही कल्पनाही मला सोसत नाही. जी मुलगी आईच्या शेजारी बसून तात ओढायला शिकायची, ती बाकावर बसली. आणि ‘इवालू’, ‘तिकिक’ हे शब्द तिच्या तोंडी येण्याआधीच थबकले.

तरीही धागा तुटला नाही. १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडात ‘नुनावुत’ हा निराळा प्रदेश झाला. त्या नावाचा अर्थ ‘आपली भूमी’. तेथे इनुइटांची भाषा राज्यकारभारात आहे, आणि २००८ साली तिच्या रक्षणाचा कायदाही झाला. कपडे आता पुष्कळदा कापडाचे असतात, दुकानातूनही येतात. पण कापडाच्या अमाउतीत मूल घेऊन बाजाराला निघालेली आई तेथे सर्रास दिसते, आणि लांबच्या शिकारीला निघणारा अजूनही कॅरिबूच्या कातड्यावर विसंबतो. म्हाताऱ्या बायका शिवणाचे वर्ग घेतात. त्या वर्गात मुली टाका शिकतात, आणि टाक्याबरोबर टाक्याचे नावही. सुई आरपार जाऊ द्यायची नाही, निम्म्यातून वळवायची, हे हाताला कळले की त्याचा शब्दही जिभेवर राहतो.

वाचकहो, यंदा पाडव्याला नवा कपडा अंगावर घालाल, तेव्हा त्याची शिवण एकदा उलटून पाहा. तेथे कोणाच्या तरी हाताची टीप असेल, आणि त्या हाताला नाव असेल. विचारून घेण्यासारखे आहे.